सोडागॅसचं चाक

गेल्या महिन्यात पुतण्याने नवी गाडी घेतली आणि मला पुढच्या सीटवर बसवून पेट्रोल पंपावर नेलं. पेट्रोल भरून झाल्यावर गाडी हवेपाशी लागली. तिथला माणूस काचेशी वाकून म्हणाला, "साधी हवा, का नायट्रोजन?" पुतण्या म्हणाला, "नायट्रोजनच टाका." मग माझ्याकडे वळून तो मलाच समजावू लागला, की काका, नायट्रोजनने चाक तापत नाही, लवकर उतरत नाही. मी मान डोलावली. माझा सगळा जन्म चाकांत हवा भरण्यात गेला हे त्याला ठाऊक आहे, फक्त त्या वेळी ते त्याच्या लक्षात नव्हतं. चाकांच्या व्हॉलवर, हवेच्या तोंडावर, नायट्रोजनच्या हिरव्या टोप्या चढल्या, आम्ही निघालो आणि मला एकदम हसू आलं. "काय झालं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही." चाकात सोडावॉटरचा गॅस भरलेला माणूस त्याच्या शेजारी बसला होता, हे त्याला कुठून सुरू करून सांगायचं ते मला कळेना.

या अंकासाठी धंद्यातल्या आठवणी लिहून द्या असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. पंक्चरवाल्याच्या आठवणी त्या काय असणार? खिळा, बारीक चूक, बाभळीचा काटा. पण त्या हिरव्या टोप्यांनी घात केला. तेव्हा ऐका.

माझं दुकान कोल्हारला होतं, नगर-मनमाड रस्त्यावर, प्रवरेच्या पुलापासून जरा लांब, गावाबाहेर. पुढे पत्र्याची शेड, मागे झोपायची खोली. मी मूळचा पुणतांब्याचा. लग्न झालं आणि वर्षाच्या आत बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. घरात भाऊ होता, भावजय होती, त्यांची मुलं होती. कोणी मला जा म्हटलं नाही. पण त्या घरात प्रत्येकाला काहीतरी काम होतं आणि माझ्याकडे बघून सगळ्यांचा आवाज खाली येत असे. ते मला सोसलं नाही. नगरला एका उस्तादाच्या हाताखाली टायरचं काम शिकलो आणि जिथे मला कोणी ओळखत नाही अशा जागी येऊन बसलो. जागा मी चांगली निवडली होती, कारण मला तिथे पुढेही कोणी ओळखलं नाही.

हे मी गमतीने म्हणत नाही. आमच्या धंद्यात माणूस सदा खाली बसलेला. उभ्या गिऱ्हाइकाला त्याचं फक्त डोकं दिसतं. मालट्रकचा एक ड्रायव्हर दर पंधरवड्याला माझ्याकडे थांबायचा. एकदा बाजारात समोरासमोर आलो तर त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या चपलेचा अंगठा निघाला म्हणून मी खाली बसलो, तेव्हा तो वरून ओरडला, "आरं, मिस्त्री व्हय!"

बाहेरच्या लोकांना वाटतं गाडी टायरवर उभी असते. तसं नाही. टायर म्हणजे नुसतं कवच. त्याच्या आत ट्यूब, आणि ट्यूबमध्ये कोंडलेली हवा. वजन ती हवा पेलते. कमी भरली तर चाक चेपतं, टायरच्या बाजू घासून तापतात आणि शेवटी फाटतात. जास्त भरली तर गाडी दगडासारखी आदळते. म्हणजे डोळ्यांना दिसत नाही तो माल आम्ही विकत होतो, आणि गिऱ्हाइकाची नजर कायम रस्त्याकडे. झालं का? किती वेळ? आटपा. दिवसभर माणसं यायची, पण बोलणं एवढंच. ट्रक निघून गेला की धुरळा खाली बसेपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहायचो आणि मग पाना पुसून जागेवर ठेवायचो. संध्याकाळी खोलीत भाकरी थापताना आपण आज एक अख्खं वाक्य बोललो का, असं कधी कधी मी आठवून बघत असे.

हवा भरायला कॉम्प्रेसर होता आणि तो विजेवर चालायचा. त्या वर्षांत विजेचा काही भरवसा नव्हता. पुढे दुष्काळ पडला तेव्हा तर ती पाहुण्यासारखी यायची. वीज नसली की पायपंप. पायपंपाने सायकल, स्कूटर सहज होते, मोटारीला घाम निघतो आणि ट्रकचं चाक भरणं म्हणजे शिक्षाच.

एकदा वऱ्हाडाचा ट्रक आला. मागचं चाक बसलेलं, वीज गायब, मुहूर्त जवळ. पंक्चर काढलं, पण भरणार कसं? ड्रायव्हरला रस्त्यापलीकडचा वेल्डिंगवाला दिसला. म्हणाला, "त्याच्याकडं गॅसची टाकी हाय की! लावा नळी अन् भरा." ती टाकी ऑक्सिजनची. उस्तादाने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की ऑक्सिजन आणि तेल-ग्रीस यांची गाठ पडली की स्फोट, आणि आमच्या धंद्यात तेलाचा हात नाही असं काही नसतंच. मी म्हटलं, "भरनार न्हाई." ड्रायव्हर चिडला, नवरदेवाचा मामा तर अंगावर आला. "आमी भरतो मंग," असं म्हणून ते निघाले तशी मी त्या चाकाला पाठ लावून बसलो. म्हटलं, "आदी मला उचला." शेवटी सगळ्या वऱ्हाडाने आळीपाळीने पायपंप मारला. मुंडावळ्या मागे टाकून नवरदेवानेही मारला आणि मुहूर्त टळला तो टळलाच. जाताना सगळे मला शिव्या घालत होते, नवरदेव तेवढा हसत होता. असे लोक आले की बरं वाटायचं. ते गेल्यावर मात्र शेड आधीपेक्षा मोठी झाल्यासारखी वाटे.

माझ्या शेजारी गेनूभाऊचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक खोली, हाताने फिरवायचं यंत्र, गोटीच्या बाटल्या आणि गॅसचा एक उंच सिलिंडर. हा गॅस वेगळा, पेटत नाही, उलट आग विझवतो. गेनूभाऊ भला माणूस, पण त्याचं घर गावात होतं आणि दिवे लागायच्या आत तो कुलूप घालून निघायचा.

एका दुपारी राखी रंगाची जुनी फियाट डुगडुगत आली. डाव्या बाजूचं मागचं चाक पार मऊ. आतून एक उंच, वाळकुडे गृहस्थ उतरले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात थर्मास. कोपरगावला प्रॉव्हिडंट फंडाच्या कामाला गेले होते आणि परत देवळाली प्रवऱ्याला निघाले होते. साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून नोकरी केलेली, आता निवृत्त. मी त्यांना केमिस्टसाहेब म्हणू लागलो आणि शेवटपर्यंत तेच म्हटलं.

काटा काढला, पॅच लावला. वीज नव्हती, आणि पायपंपाचा चामडी वायसर त्याच सकाळी फाटलेला. मी त्यांना बसा म्हटलं. गेनूभाऊ मध्ये पडला. "माज्या टाकीतनं भर की. चाकाला काय कळतंय, हवा हाय का सोडा!" मला गंमत वाटली, पण गिऱ्हाइकाच्या गाडीवर गंमत कशी करायची? मी साहेबांकडे पाहिलं.

"कार्बन डायऑक्साइड," ते म्हणाले. "चालेल. धोका काही नाही. फक्त तो रबरात मुरतो आणि हळूहळू पलीकडून बाहेर पडतो. साध्या हवेपेक्षा फार लवकर."

"म्हंजी उतरल म्हना की," मी म्हटलं.

"आठवड्याभरात उतरेल. आज घरी पोचवेल ना, मग भरा."

गेनूभाऊने चावी अगदी हळू सोडली, मी गेज धरून बसलो. भरता भरता व्हॉल बर्फासारखा गार झाला आणि त्यावर पांढरं दंव जमलं. साहेब गुडघ्यावर बसून ते बोटाने पुसून बघत होते. माझ्याकडे आलेलं गिऱ्हाईक खाली बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आठवड्याने ते परत आले. चाक अर्धं उतरलेलं. त्या दिवशी वीज होती, मी कॉम्प्रेसरची नळी ओढली तर म्हणाले, "नको, सोडागॅसच भरा. किती दिवस टिकतो ते मला बघायचंय. प्रयोग समजा." मला पटलं. शिकलेल्या माणसाला असले नाद असतात. गेनूभाऊने पुन्हा चावी सोडली. चाक भरून झालं, पण साहेब उठले नाहीत. जुन्या टायरवर बसून त्यांनी थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि मला दिला. स्वतःला प्यायला दुसरं काही नव्हतं, म्हणून माझं झाल्यावर ते प्याले. त्याच्या पुढच्या आठवड्यात थर्मासबरोबर एक कप होता.

मग दर आठवड्याला हा प्रयोग चालू झाला. मी कामावर असलो तर ते बघत बसायचे, मोकळा असलो तर बोलायचे. हवेतसुद्धा पाचातले चार हिस्से नायट्रोजनच असतो, हे त्यांनीच मला सांगितलं. विमानाच्या चाकात म्हणे नुसता तोच भरतात. मी म्हटलं, "मंग आमी रोज फुकाटच भरतोय की!" ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. नंतर रुमालाने डोळे पुसत म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी हसलो."

हळूहळू बाकीचं कळलं. त्यांची बायको वारली होती. नोकरी संपून क्वार्टर सोडलं, भाड्याचं घर घेतलं आणि त्या घरात तिला फार दिवस लाभले नाहीत. मुलगा बडोद्याला. कारखान्याचा भोंगा झाला की अजून उठून कपडे घालतो, म्हणाले, आणि मग दाराशी उभं राहून आठवतं. मी माझ्या बायकोचं सांगितलं. तिचं नाव तोंडातून निघालं ते पुणतांबं सोडल्यापासून पहिल्यांदाच. साहेबांनी कप पुन्हा भरून माझ्यापुढे ठेवला. मला त्यांची वाट बघायची सवय लागली, हे इथे सरळ लिहून टाकतो. त्यांचा वार आला की मी सकाळीच शेड झाडायचो आणि तो जुना टायर ओल्या फडक्याने पुसून ठेवायचो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तेव्हा मी चाकातून पाणी काढायचं कामही केलं. उसाच्या पट्ट्यात ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकांत वजनासाठी पाणी भरतात. विहिरी आटल्या, ट्रॅक्टर उभे राहिले आणि एका बागायतदाराने ते पाणी काढून मागितलं. व्हॉल खाली फिरवून पिन काढली तशी धार लागली. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया हंडे घेऊन धावत आल्या. मी म्हटलं, "रबराचा वास मारतंय, बाई." एक म्हणाली, "म्हशीला कुठं नाक हाय, दादा." बागायतदाराने स्वतःची बादली बाजूला ओढून घेतली आणि बायांचे हंडे आधी भरू दिले.

सोड्यालाही पाणी लागतं. गेनूभाऊची विहीर तळाला गेली. त्याने यंत्र, बाटल्या आणि तो उंच सिलिंडर टेम्पोत घातला आणि श्रीरामपूरला मेव्हण्याकडे गेला. शेजारच्या दाराला कायमचं कुलूप लागलं. त्या आठवड्यात साहेब आले तेव्हा मी सांगितलं, "सोडागॅस संपला साहेब. आता साधी हवा. आता महिना-महिना बघायला नगं."

"बरं झालं," ते म्हणाले. "तुमचा त्रास वाचला." चहा प्याले आणि त्या दिवशी लगेच उठले. गाडी वळवताना त्यांनी आरशातून शेडकडे पाहिलं. मीही उभा होतो. आता महिना जाणार हे दोघांनाही कळत होतं.

पण पुढच्या आठवड्यात त्याच वारी फियाट दारात. तेच चाक, पार मऊ. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी लाजही वाटली. टायरवाल्याकडे तेच चाक पुन्हा पुन्हा येणं म्हणजे त्याच्या कामावर बोट. मी ट्यूब बाहेर काढली, टबातल्या गढूळ पाण्यात इंचाइंचाने दाबून पाहिली. एक बुडबुडा नाही. व्हॉलवर थुंकी लावून पाहिली, तीही फुगेना. तरी नवी पिन घातली. पुढच्या आठवड्यात पुन्हा मऊ.

त्या वेळी चाक खोलायला मी टायरच्या बाजूवर हात ठेवला आणि तसाच थांबलो. मऊ चाक चार-दोन मैल पळालं तरी बाजूला हात ठेववत नाही इतकं तापतं. देवळालीपासून हे असंच आलं असतं तर टायरचं मातेरं झालं असतं. पण माझ्या हाताला ते भरलेलं चाक तापतं तेवढंच लागलं. हवा नुकतीच, माझ्या दुकानाच्या अगदी जवळ येऊन गेली होती. मी वर पाहिलं. साहेबांच्या पांढऱ्या पँटच्या एका गुडघ्यावर ताजी लाल माती होती. पुलाच्या अलीकडे वळणावर निंबाच्या झाडाखाली तशी माती आहे.

शिकला-सवरला, वयाने वडील माणूस, भर उन्हात रस्त्याकडेला गुडघा टेकून स्वतःच्या गाडीची हवा सोडत होता. का, ते मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "व्हॉलमदी धूळ बसली असंल साहेब." ते म्हणाले, "असेल असेल," आणि थर्मास उघडला.

मी चाक भरत राहिलो. नाव मात्र खराब व्हायला लागलं. बाजारात मला न ओळखणारा तो ड्रायव्हर एकदा साहेब बसलेले असताना म्हणाला, "मिस्त्री, ह्या बाबांची गाडी तुमच्यानं नीट व्हईना व्हय? जवा बगावं तवा हितंच! आमी लोडाची गाडी कुनाच्या भरवशावर लावायची?" माझ्या पोटापाण्याचा प्रश्न होता, कारण ड्रायव्हर लोकांत अशी गोष्ट पुढच्या नाक्यापर्यंत लगेच पोचते. साहेबांचा चेहरा पडला. ते उठून म्हणाले, "दोष यांचा नाही. दोष माझा—"

"चाकाची रिंग वाकडी हाय त्या गाडीची," मी मध्येच मोठ्याने म्हणालो. "लई जुनी हाय. कुनालाच नीट व्हायची न्हाई. मी हाय म्हनून चालतीय तरी."

ड्रायव्हर ट्रककडे वळला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रिंग सरळ होती हे त्यांना ठाऊक होतं, आणि मलाही ठाऊक आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. ते गाडीत बसले आणि गेले.

पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. मी शेड झाडली, टायर पुसला. संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे बघत राहिलो. बायको गेली तेव्हा निदान चार माणसं भेटायला आली होती. हे कोणाला सांगायचं आणि काय म्हणून सांगायचं? एका गिऱ्हाइकाच्या चाकातली हवा उतरली नाही, एवढीच तर गोष्ट. त्या दिवशी मी भाकरी केलीच नाही.

त्याच्या पुढच्या आठवड्यात फियाट आली. चाक मऊ होतं. साहेब खाली उतरले, गुडघ्यावरची माती त्यांनी झटकलीसुद्धा नाही. "मिस्त्री, रिंग बघता का?"

"वाकडीच दिसतीय साहेब," मी म्हणालो.

तेव्हापासून तेच आमचं रामराम झालं. रिंग कशी आहे? वाकडीच हाय. बसा. तो ड्रायव्हर पुढे माझ्याकडे थांबेनासा झाला आणि त्याच्याबरोबर आणखीही काही गाड्या गेल्या. कॉम्प्रेसरचा पट्टा बदलायचा होता, तो मी बरेच दिवस गाठी मारून चालवला. त्याचं मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण साहेबांचा वार मी कशाच्याही बदल्यात दिला नसता.

दुष्काळ सरला, नदीला पाणी आलं. एक दिवस साहेब आले ते भलत्याच वारी. गाडी थांबली आणि मी सवयीने मागच्या चाकाकडे पाहिलं. चाक टणक होतं. चारही चाकं टणक होती. पँटीवर माती नव्हती.

"आज रिंग सरळ झाली, मिस्त्री," ते म्हणाले. बसले नाहीत. मुलाने बडोद्याला बोलावलं होतं, घर सोडलं होतं, सामान गेलं होतं. गाडी नगरच्या एका माणसाला विकली होती आणि आता ती त्याच्या दारात सोडून तिथूनच ते पुढे जाणार होते. देवळालीहून नगर दक्षिणेला, माझं दुकान उत्तरेला. वाट वाकडी करून ते आले होते. "आज तुमच्याकडे काही काम नाही. तसाच आलो. निघतो, तो माणूस वाट बघत असेल."

त्यांनी हात पुढे केला. मी तो घेतला नाही. माझे हात काळे होते म्हणून नाही. तो घेतला असता तर ते गेले असते.

मी त्या चाकापाशी खाली बसलो, व्हॉलची टोपी काढली आणि काडीने पिन दाबून धरली. हवा सूं करत निघाली. साहेब बघत राहिले. गाडी त्या कोपऱ्यावर हळूहळू खाली आली. चाक पार बसलं तेव्हा मी वर पाहिलं आणि म्हणालो, "न्हाई साहेब, अजून वाकडीच हाय. बसा."

साहेब त्या जुन्या टायरवर बसले. थर्मास उघडायला त्यांना जरा वेळ लागला, झाकण फिरेना. वर बल्ब जळत होता, वीज होती, कॉम्प्रेसरची टाकी भरलेली होती. चाक लगेच भरून झालं असतं. मी आत गेलो आणि पायपंप घेऊन आलो.